नोकियाची इंटरनेट-पाटी

मराठी घरांतील मुलाच्या हातीं विद्येचें पहिलें साधन म्हणून जी वस्तु पिढ्यान्‌पिढ्या पडत आली, ती म्हणजे पाटी. लांकडी चौकटींत बसविलेला काळ्या दगडाचा पातळ तुकडा, त्यावर ओढावयाची दगडी पेन्सिल आणि पुसावयाला ओलें फडकें, एवढाच तिचा संसार. तिच्यावर लिहिलेलें टिकत नसे. परंतु काय लिहावें आणि काय पुसावें, हें तिच्या धन्याच्या हातीं असे. इंग्रजींतील ‘टॅबलेट’ या शब्दाचा मूळ अर्थही लिहिण्याची लहान फळी असाच आहे. रोमन मुलें मेणाचा थर दिलेल्या लांकडी फळ्यांवर टोंकदार काडीनें अक्षरें कोरीत आणि त्याच काडीच्या चपट्या टोंकानें तीं पुन्हां मोडीत. पुढें विजेवर चालणाऱ्या आणि जगभरच्या माहितीच्या जाळ्याशीं जोडलेल्या एका उपकरणाला हेंच नांव मिळालें. त्या नांवाबरोबर एक जुना प्रश्नही पुन्हां उभा राहिला. ही पाटी कोणाची? तिच्यावर लिहिणार कोण, आणि नुसतें वाचणार कोण?

या प्रश्नाचा इतिहास पाहावयाचा, तर फिनलंडमधील नोकिया कंपनीच्या एका विस्मृत उपकरणाकडे वळलें पाहिजे. ता. २५ मे २००५ रोजीं न्यूयॉर्क येथें या कंपनीनें ‘नोकिया ७७०’ हें उपकरण जाहीर केलें आणि त्याला ‘इंटरनेट टॅबलेट’ अशी संज्ञा दिली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत तें बाजारांत आलें. १९९८ सालापासून जगांत सर्वांत अधिक मोबाइल फोन विकणाऱ्या कंपनीनें काढलेल्या या उपकरणांत फोनच नव्हता. त्यांत सिमकार्ड घालावयास जागा नव्हती, आणि त्याला टेलिफोनचा नंबरही नव्हता. इंटरनेटवरील पानें उघडावीं, तीं वाचावीं, टपाल पाहावें, बातम्या आणि रेडिओ ऐकावा, एवढेंच काम त्याला नेमून दिलेलें होतें. पानवाल्यानें दुकानांत पुस्तकें मांडावीं तसा कांहींसा हा प्रकार पुष्कळांना वाटला.

वास्तविक नोकियाच्या इतिहासांत तो इतका विचित्र नव्हता. फ्रेडरिक इडेस्टाम या खाण-अभियंत्यानें १८६५ सालीं फिनलंडमधील टॅम्पेरे येथें, टॅमरकोस्की नांवाच्या प्रवाहाच्या कांठीं, लांकडाच्या लगद्याची एक गिरणी काढली. नोकिया कंपनीचा आरंभ तोच. त्या लगद्यापासून कागद होई. पुढें रबराचा माल करणारी आणि तारा करणारी अशा दोन कंपन्या तिच्याशीं जोडल्या गेल्या, आणि १९६७ सालीं तिघींची मिळून एक कंपनी झाली. कागदापासून तारेपर्यंत आणि तारेपासून बिनतारी फोनपर्यंत असा प्रवास केलेली ही संस्था एकशें चाळीस वर्षांनीं पुन्हां वाचनाच्या साधनाकडे आली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

हातांत धरावयाच्या संगणकाची कल्पना मात्र नोकियाची नव्हती. ती तेहतीस वर्षांनीं जुनी होती. ॲलन के हा अमेरिकन शास्त्रज्ञ कॅलिफोर्नियांतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन-केंद्रांत काम करीत असतां १९७२ सालीं त्यानें एक निबंध लिहिला. वहीएवढ्या आकाराचें, चार पौंडांहून हलकें आणि पांचशें डॉलरांच्या आसपास किंमतीचें एक उपकरण त्यानें त्यांत कल्पिलें आणि त्याला ‘डायनाबुक’ हें नांव दिलें. त्या काळीं संगणक एक अख्खी खोली व्यापी. म्हणून ही कल्पना पुष्कळांना स्वप्नवत् वाटली. परंतु आकारापेक्षां त्याचा हेतु अधिक महत्त्वाचा होता. त्याचें उपकरण मुलांसाठीं होतें. मुलानें त्यावर वाचावें, चित्रें काढावीं, संगीत रचावें, आणि मुख्य म्हणजे त्या यंत्राला स्वतः आज्ञा लिहून द्याव्या, अशी त्याची अपेक्षा होती. म्हणजे त्याची पाटी ही खरोखरीची पाटी होती. धनी तिच्यावर लिहिणारा होता.

या कल्पनेच्या वाटेवर पुढें अनेकांनीं पाउलें टाकलीं. ॲपल कंपनीचें ‘न्यूटन’ १९९३ सालीं आलें. हस्ताक्षर ओळखण्याची त्याची प्रौढी मोठी होती. परंतु आरंभीं तें अक्षर इतकें चुकीचें ओळखी कीं, वर्तमानपत्रांतील व्यंगचित्रांनाही तें विषय पुरवूं लागलें. १९९८ सालीं तें बंद झालें. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें नोव्हेंबर २००२ मध्यें ‘टॅबलेट पीसी’ पुढें आणला. तो म्हणजे मांडीवरचा पूर्ण संगणकच होता. त्याला लेखणी जोडलेली होती खरी, पण वजन आणि किंमत हीं दोन्ही संगणकाचींच होतीं. त्यामुळें तो मुख्यतः कचेरींत, इस्पितळांत आणि गुदामांत राहिला. घरांतल्या आरामखुर्चीपर्यंत तो पोंचला नाहीं.

दरम्यान दोन गोष्टी घडल्या होत्या. टिम बर्नर्स-ली यानें जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधन-संस्थेंत निर्माण केलेलें ‘वर्ल्ड वाइड वेब’ १९९१ सालीं लोकांस खुलें झालें, आणि दहा-बारा वर्षांत वाचण्याजोगीं असंख्य पानें त्यावर जमा झालीं. दुसरी गोष्ट बिनतारी जोडणीची. १९९९ सालीं वाय-फायची अशी पद्धति ठरली कीं, घरांत एक लहान पेटी बसवितांच भोंवतालच्या खोल्यांत तारेवांचून इंटरनेट मिळूं लागलें. युरोप-अमेरिकेंतील सुखवस्तु घरांत २००५ पर्यंत ती पेटी आली होती. वाचावयाला मजकूर होता आणि तो हवेंतून येत होता. उणीव होती ती तो हातांत धरून वाचण्याच्या साधनाची. नोकियानें ही उणीव अचूक हेरली.

आतां त्या उपकरणाचें परीक्षण करूं. त्याची लांबी १४१, रुंदी ७९ आणि जाडी १९ मिलिमीटर होती. आवरणासह वजन २३० ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानें जवळजवळ पाव शेर. आवरण धातूचें असून तें पुढून काढून मागें सरकवितां येई. खिशांत घालतांना तें पडद्याचें रक्षण करी आणि वाचतांना पाठीला चिकटून राही. पडदा सव्वाचार इंचांहून थोडा लहान; परंतु त्यांत आडवे ८०० आणि उभे ४८० ठिपके बसविलेले होते, आणि या उपकरणाचें खरें वैभव तेंच होतें. त्या काळच्या चांगल्या फोनचा पडदा जेमतेम १७६ ठिपके रुंद असे. संगणकाच्या पडद्यासाठीं रचलेलें पान त्यांत मावत नसे. म्हणून फोनवर पानाची कातरलेली, रोडावलेली आवृत्ति पाहून समाधान मानावें लागे. नोकियाच्या पाटीवर मात्र मूळ पान त्याच्या पूर्ण रुंदीनिशीं उतरे. एका इंचांत दोनशेंहून अधिक ठिपके असल्यानें अक्षर बारीक असूनही रेखीव दिसे. वर्तमानपत्राचें पान हातांत धरून वाचल्याचा आनंद ज्यांनीं त्यावर प्रथम घेतला, त्यांनीं त्या पडद्याची मनमोकळी स्तुति केली, आणि ती योग्यच होती.

दोषही तितकेच उघड होते. यंत्राचा मेंदू सुमारें २५० मेगाहर्ट्झ गतीनें चाले आणि त्याची कामाची स्मृति ६४ मेगाबाइट होती. पान उघडून दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘ब्राउझर’ म्हणतात. या उपकरणांत नॉर्वेंतील ऑपेरा कंपनीचा ब्राउझर होता, आणि तो स्वतः उत्तम असला तरी दोन-तीन जड पानें एकदम उघडलीं कीं, यंत्राला धाप लागे. पडद्याची जातही जुनी होती. त्यांत दोन पातळ थर एकमेकांवर ठेवलेले असत. वरचा थर दाबला कीं तो खालच्याला टेंके आणि कोठें टेंकला तें यंत्राला समजे. अशा पडद्यावर लेखणीचें टोंक चांगलें चाले, पण बोटाचा नुसता स्पर्श पुरत नसे. म्हणून उपकरणाच्या कडेला एक बारीक लेखणी खोंचून ठेवलेली असे, आणि वाचकाचा एक हात तींत गुंतून पडे. बॅटरी सतत वाचनाला तीन तासांच्या आसपास पुरे. जेथें वाय-फाय नसेल तेथें ‘ब्लूटूथ’च्या साहाय्यानें जवळच्या मोबाइल फोनमधून इंटरनेट घ्यावें लागे, म्हणजे फोन नसलेली पाटी घेऊन फिरणाऱ्याला फोनही बाळगावा लागे. अमेरिकेंत तिची किंमत ३६० डॉलरांच्या घरांत होती. तेवढ्या पैशांत आणखी थोडी भर घातली कीं साधा टेबलावरचा संगणक येत असे, हा हिशेब गिऱ्हाइकाला कोणी शिकवावा लागला नाहीं.

परंतु या पाटीची जी गोष्ट आजही विचार करण्यासारखी आहे, ती पडद्यामागें होती. लायनस टॉरव्हल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठांतील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं ‘लिनक्स’ नांवाची संगणक-प्रणाली लिहावयास घेतली आणि ती सर्वांना खुली केली. कोणीही ती पाहावी, सुधारावी आणि पुन्हां वांटावी, अशी तिची रीत होती. त्याच फिनलंडमधील नोकियानें आपल्या पाटीसाठीं लिनक्सच निवडली आणि तिच्यावर ‘माएमो’ ही आपली रचना उभारली. तिचा बराच मोठा भाग खुला ठेवण्यांत आला, आणि बाहेरच्या लोकांनीं सॉफ्टवेअर लिहावें म्हणून लागणारीं साधनें उपकरण बाजारांत येण्यापूर्वींच लोकांच्या हातीं देण्यांत आलीं. कंपनीच्या परवानगीची वाट न पाहतां अनेक देशांतील हौशी जाणकारांनीं त्या पाटीसाठीं पुस्तकें वाचण्याचीं, नकाशे पाहण्याचीं आणि खेळ खेळण्याचीं साधनें तयार केलीं. विकत घेणाऱ्याला यंत्राच्या पोटांत शिरण्याची मुभा होती. ॲलन केनें मुलाच्या हातीं जी सत्ता देऊं केली होती, तिचा एक अंश तरी या उपकरणाच्या धन्याला मिळाला.

फोन विकून गबर झालेल्या कंपनींत ही उदारता फार काळ निश्चिंतपणें नांदली नाहीं. २००६ सालीं उपकरणाला नवी प्रणाली मिळाली; तींत इंटरनेटवरून बोलण्याची सोय आणि अंगठ्यांनीं दाबतां येईल अशी मोठ्या अक्षरांची पट्टी आली. परंतु जानेवारी २००७ मध्यें ‘एन ८००’ हें अधिक वेगवान भावंड बाजारांत आलें आणि त्याची प्रणाली ७७० ला लागू करण्यांत आली नाहीं. जुन्या धन्यांसाठीं ‘हॅकर एडिशन’ या नांवानें एक आवृत्ति पुढें काढण्यांत आली. पण ती ज्यानें त्यानें आपल्या जबाबदारीवर वापरावयाची होती. चौदा महिन्यांपूर्वीं नवी असलेली वस्तु अशा रीतीनें जुनी ठरली. दगडी पाटी फुटेपर्यंत चाले. ही पाटी न फुटतांच मोडीत निघूं लागली. तरीही प्रणाली खुली असल्यामुळें हौशी लोकांनीं ती आणखी कांहीं वर्षें चालती ठेवली, हेंही नमूद केलें पाहिजे.

याच सुमारास भारतांतही एक पाटी घडत होती, आणि ती नोकियाच्या आधींची होती. बंगलोर येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन् आणि व्ही. विनय या प्राध्यापकांनीं एन्कोर या कंपनीच्या अभियंत्यांसह ‘सिंप्युटर’ नांवाचा हातांतला संगणक रचला. त्यासाठीं १९९९ सालीं एक न्यास स्थापन झाला, एप्रिल २००१ मध्यें पहिले नमुने दाखविण्यांत आले, आणि २००४ मध्यें भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्यानें तो विक्रीस निघाला. त्याचीही प्रणाली लिनक्सच होती, आणि त्याच्या यंत्ररचनेचा आराखडासुद्धां लोकांस खुला करण्यांत आला होता. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांच्यासाठीं मजकूर मोठ्यानें वाचून दाखविण्याची सोय त्यांत योजिली होती. गांवांत एकच उपकरण असावें, तें आळीपाळीनें सर्वांनीं वापरावें, आणि ज्याची त्याची माहिती ज्याच्या त्याच्या लहान कार्डांत राहावी, ही त्यामागची कल्पना विशेष मार्मिक होती.

दोन पाट्यांची तुलना केली म्हणजे त्यांच्या मागचीं दोन जगें दिसतात. नोकियानें गृहीत धरलें कीं, घरांत वाय-फाय आहे, संगणक आहे, फोनही आहे, आणि आतां केवळ सोयीसाठीं चौथी वस्तु हवी आहे. बंगलोरच्या प्राध्यापकांनीं गृहीत धरलें कीं, घरांत यांपैकीं कांहींच नाहीं. दोघांचेंही निदान आपापल्या ठिकाणीं खरें होतें आणि दोघांचेंही औषध लागू पडलें नाहीं. सिंप्युटर दहा हजार रुपयांच्या घरांत गेला. ज्या खेड्यासाठीं तो घडविला होता त्याला तो परवडला नाहीं, आणि ज्या शहराला परवडला असता त्याला तो पुरेसा वाटला नाहीं. अपेक्षेच्या मानानें त्याची विक्री फारच थोडी झाली.

नोकियाची पाटी भारतांत रुजण्याजोगी भूमि तेव्हां नव्हतीच. सर्वसाधारण लोकांस इंटरनेटची सेवा या देशांत ता. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें खुली केली, आणि पहिल्या शहरांत मुंबई होती. त्या वेळीं टेलिफोनच्या तारेंतून, मोडेमचा करकर आवाज ऐकत, मिनिटें मोजून इंटरनेट वापरावें लागे. २००४ सालच्या सरकारी धोरणानें सेकंदाला २५६ किलोबिट एवढ्या वेगालाच ‘ब्रॉडबँड’ म्हणावयाचें ठरविलें, यावरूनच त्या काळच्या आकांक्षेची मर्यादा कळते. मुंबई-पुण्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत संगणक असला तर तो एका कोपऱ्यांत, टेबलावर, कापडी आच्छादनाखालीं असे. ज्यांच्या घरीं नसे ते चौकांतल्या सायबर-कॅफेंत तासावर पैसे देऊन बसत. हवेंतून येणाऱ्या इंटरनेटसाठीं खास वेगळी पाटी घ्यावी, हा विचार त्या घरांना सुचण्याचें कारणच नव्हतें.

युरोपांत नोकियानें प्रयत्न सोडला नाहीं. २००७ च्या अखेरीस आलेल्या ‘एन ८१०’ ला सरकून बाहेर येणारा कळफलक आणि ठिकाण दाखविणारें जीपीएस होतें. नोव्हेंबर २००९ मध्यें ‘एन ९००’ आला आणि त्यांत अखेर फोनही आला. परंतु तो येईपर्यंत रणभूमीच बदलली होती. ॲपल कंपनीचा आयफोन जून २००७ मध्यें विक्रीस निघाला होता. त्याचा पडदा दाबावा लागत नसे. बोटांतील सूक्ष्म विद्युद्भाराचा परिणाम ओळखून तो नुसत्या स्पर्शानें चाले, आणि दोन बोटें पसरतांच चित्र मोठें होई. लेखणीची गरजच संपली. त्याच तत्त्वावर त्या कंपनीनें ता. २७ जानेवारी २०१० रोजीं ‘आयपॅड’ जाहीर केला.

आयपॅडची परीक्षाही आरंभीं कडकपणेंच झाली. हा म्हणजे फुगविलेला फोनच आहे, असें पुष्कळांनीं म्हटलें. परंतु ता. ३ एप्रिल २०१० रोजीं विक्री सुरू होतांच पहिल्याच दिवशीं तीन लाखांहून अधिक नग खपले, आणि दहा लाखांचा आंकडा अठ्ठावीस दिवसांत पुरा झाला. त्याचा पडदा ९·७ इंचांचा, बॅटरी दहा तासांची, वजन ६८० ग्रॅम आणि किंमत ४९९ डॉलरांपासून पुढें. पांच वर्षांपूर्वींच्या नोकियाशीं तुलना केली तर तो आकारानें मोठा, वजनानें तिप्पट आणि किंमतीनें अधिक होता. खिशांत तर तो मुळींच मावत नव्हता. म्हणजे कागदावरच्या मोजमापांत नोकियाचेंही कांहीं पारडें जड होतें. मग यश कशांत होतें? त्या उपकरणावरील प्रत्येक गोष्ट बोटासाठीं नव्यानें रचली होती. नोकियानें टेबलावरचा संगणक लहान करून हातांत दिला. ॲपलनें हात कसा चालतो याचा विचार आधीं केला. शिवाय सॉफ्टवेअर मिळण्याचें दुकान त्याच पाटीवर उघडलेलें होतें. लहान मूल आणि वृद्ध आजी या दोघांनाही तें कोणी न शिकवितां वापरतां येई.

परंतु या सोयीची एक किंमत होती, आणि ती पावतीवर लिहिलेली नव्हती. त्या पाटीवर काय चालावें आणि काय चालूं नये, हें ठरविण्याचा अधिकार कंपनीनें आपल्याकडे ठेवला. दुकान एकच, दरवाजा एकच, आणि किल्ली दुकानदाराकडे. त्या काळीं इंटरनेटवरील हलतीं चित्रें बहुतांशीं ‘फ्लॅश’ नांवाच्या पद्धतीनें दाखविलीं जात; कंपनीनें तिला पाटीवर जागा नाकारली आणि एका निर्णयासरशीं जगभरच्या संकेतस्थळांना आपली रचना बदलावी लागली. निर्णयाचीं कांहीं कारणें तांत्रिकदृष्ट्या सबळ होतीं, हें खरें. पण पाटी विकत घेणाऱ्याला त्यांत विचारलें गेलें नव्हतें, हेंही तितकेंच खरें आहे.

नोकियाचा शेवट त्यानंतर लवकरच आला. फेब्रुवारी २०१० मध्यें तिनें इंटेल कंपनीबरोबर ‘मीगो’ ही नवी प्रणाली उभारण्याचें जाहीर केलें. आणि एकाच वर्षानें, ता. ११ फेब्रुवारी २०११ रोजीं, आपले पुढील फोन मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवर चालतील असें सांगून त्या वाटेवरून ती मागें फिरली. एप्रिल २०१४ मध्यें तिचा मोबाइलचा धंदाच मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा झाला. घरांतलें बी परक्याच्या शेतांत रुजावें तसें पुढें झालें. लिनक्सच्याच गाभ्यावर उभारलेली गूगलची ‘अँड्रॉइड’ प्रणाली जगांतील बहुसंख्य फोनांत आणि असंख्य पाट्यांत जाऊन बसली. पण हें पीक नोकियाच्या कोठारांत आलें नाहीं.

भारतांत या कथेचा पुढचा अध्याय अँड्रॉइडवरच लिहिला गेला. ता. ५ ऑक्टोबर २०११ रोजीं केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनीं दिल्लींत ‘आकाश’ ही विद्यार्थ्यांची पाटी प्रसिद्ध केली. सरकारची खरेदीची किंमत सुमारें २,२५० रुपये होती. एवढी स्वस्त पाटी पाहून जगांतील वर्तमानपत्रांनीं आश्चर्य व्यक्त केलें. परंतु या वस्तूची किंमत आधीं ठरली आणि गुण मागाहून बसविण्यांत आले. तिचा पडदा सात इंचांचा, परंतु दाबून चालणाऱ्या जुन्याच जातीचा. मेंदूची गति ३६६ मेगाहर्ट्झ, आणि बॅटरी तीनच तासांच्या आसपास चालणारी. २००५ सालच्या नोकियाचे दोष २०११ सालीं पुन्हां जसेच्या तसे समोर आले. विद्यार्थ्यांनीं आणि परीक्षकांनीं तक्रारी केल्या. पुढें हें काम मुंबईच्या पवई येथील आय. आय. टी. कडे सोंपविण्यांत आलें, आणि ता. ११ नोव्हेंबर २०१२ रोजीं राष्ट्रपति प्रणव मुखर्जी यांच्या हस्तें सुधारलेली ‘आकाश २’ प्रसिद्ध झाली. तिचा पडदा स्पर्शानें चालणारा आणि मेंदू जवळजवळ तिप्पट वेगाचा होता.

पवईच्या प्राध्यापकांनीं एक गोष्ट अचूक ओळखली होती. पाटी दिल्यानें शिक्षण होत नाहीं. पाटीवर काय घालावयाचें आणि तें कोणी शिकवावयाचें, हा प्रश्न पाटीहून मोठा आहे. म्हणून त्यांनीं शिक्षकांचीं शिबिरें घेतलीं. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमांत खुल्या सॉफ्टवेअरचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलून ध्वनिमुद्रित करण्यांत आले. इंग्रजी न येणाऱ्या विद्यार्थ्याला यंत्राच्या पोटांत शिरण्याची वाट त्याच्याच भाषेंत दाखविणें, हें काम स्वस्त पाटी वांटण्यापेक्षां कमी गाजलें. परंतु ॲलन केच्या मूळ हेतूच्या तें अधिक जवळ होतें.

आकाश योजनाही पुढें मागें पडली. कारण तिला ज्याच्याशीं झुंजावयाचें होतें तो मोबाइल फोन दरवर्षीं स्वस्त आणि मोठा होत होता. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेटचे दर भारतांत एकदम उतरले, आणि कोट्यवधि लोकांनीं इंटरनेटचें पहिलें पान पाहिलें तें फोनच्याच पडद्यावर. नोकियानें २००५ सालीं फोनपासून वेगळी काढलेली पाटी अशा रीतीनें पुन्हां फोनांतच मिसळून गेली. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां महाराष्ट्रांतील असंख्य घरांत एकाच फोनभोंवतीं दोन-तीन भावंडें बसलीं. वडील कामावर गेले कीं शाळाही त्यांच्या खिशांतून निघून जाई. एका गांवांत एकच उपकरण आळीपाळीनें वापरावें, ही बंगलोरची कल्पना तेव्हां एका घरापुरती खरी झाली. पण ती योजनेनें नव्हे, नाइलाजानें.

या सर्व इतिहासांतून परीक्षणाची एक पद्धति हातीं येते. नवें उपकरण पुढें आलें म्हणजे परीक्षक पडदा मोजतो, वेग मोजतो, बॅटरीचे तास मोजतो आणि किंमतीशीं त्यांचा मेळ घालतो. हें करावयासच हवें; ७७० चे दोष याच मोजमापांत सांपडले आणि ते खरे होते. परंतु तेवढ्यावर निकाल देतां येत नाहीं. उपकरण आपल्याभोंवतीं कोणतें जग गृहीत धरतें, हें दुसऱ्यांदां विचारलें पाहिजे. घरांत पेटी नसेल तर उत्तम पडदाही कोरा राहतो. आणि विक्री झाल्यावर त्याचा धनी कोण, हें तिसऱ्यांदां विचारलें पाहिजे. या तिसऱ्या कसोटीला ७७० पुष्कळ अंशीं उतरली, आणि तिच्यानंतर आलेल्या अनेक यशस्वी पाट्या उतरल्या नाहींत.

आज एखाद्या जुन्या शौकिनाच्या खणांत नोकियाची ती पाटी पडलेली असेल तर बॅटरी बदलून ती अजूनही उजळूं शकेल. पडद्यावर अक्षर तितकेंच रेखीव उमटेल. परंतु इंटरनेटवरील बहुतेक पानें तिच्यावर उघडणार नाहींत. सुरक्षित जोडणीच्या नव्या पद्धति तिला अवगत नाहींत, आणि आजच्या पानांचा भार तिच्या ६४ मेगाबाइटांना पेलणार नाहीं. त्यांत सांठवून ठेवलेलें पुस्तक मात्र वाचतां येईल, आणि ज्याला तीं साधनें अवगत आहेत त्याला तिच्यासाठीं एखादी नवी आज्ञावलीही लिहितां येईल. त्याबद्दल कोणाची परवानगी मागावी लागणार नाहीं. मुलाच्या हातीं नवी पाटी देतांना घरांतील मोठ्या माणसांनीं तेवढें पाहून घ्यावें. तिच्यावर मुलाला कांहीं लिहितां येतें काय, आणि लिहिलेलें पुसण्याचा अधिकार त्याच्याच हातीं राहतो काय?